जांभळा ठिपका

मिस्त्रींनी गाडीचं दार उघडलं आणि तोंड फिरवलं. आंबलेलं दूध, ओलं पायपुसणं आणि सीटखाली सडलेलं कसलंतरी फळ, तिघांनी मिळून स्वागत केलं.

“वहिनी, ही गाडी आहे की खरकट्याचं पिंप?”

“नातीची बाटली सांडली,” वहिनी स्टुलावर टेकत म्हणाल्या. “पुसायचं रोज ठरवते. वासाचं राहू द्या भाऊजी, दिव्याचं बघा.”

गाडी मिस्त्रींच्या थोरल्या भावाची. दादांना जाऊन वर्ष झालं, आणि त्या वर्षात वहिनी साठीला टेकल्या असताना गाडी चालवायला शिकल्या. नातीची शाळा, स्वतःचा शिवणवर्ग, कुणाच्या दारात वाट बघत उभं राहणं नाही. पण गेल्या आठवड्यात चढावर, मागे भरलेला ट्रक असताना, गाडीने मान टाकली. पाय दाबला तरी जोर येईना. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं.

“पोराने सांगितलंय, आज चारला भंगारवाल्याला घेऊन येतो,” वहिनी म्हणाल्या. “तोवर दिवा गेला तर गाडी माझी. नाहीतर म्हणतो, आई, तू फोन कर, मी येऊन सोडत जाईन. म्हणजे मी पदर खोचून तयार होऊन बसायचं, आणि साहेबांना सवड झाली की निघायचं.”

दिवा म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा. छोटीशी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. चाक घसरायला लागलं की गाडी आपणहून इंजिनाचा जोर आवरते. इथे रस्ता कोरडा ठणठणीत असायचा, चाक जागच्या जागी असायचं, आणि तीन वर्षं हा पिवळा डोळा वटारलेलाच. पण मिस्त्रींना तो दिसेना. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. दिव्यावर कुणीतरी काळी चिकटपट्टी डकवली होती, टिकली लावावी तशी गोल कापून.

“हे कोणाचं कर्तृत्व?”

“तिसऱ्या गॅरेजचं. म्हणाले, दिसलं नाही म्हणजे डोक्याला ताप नाही.”

मिस्त्रींनी पट्टी नखाने ओढली. तिचा चिकटा बोटाला लागला, बोटाचा पँटला, आणि त्यांच्या अंगावर शहारा आला. अशी कामं पाहिली की त्यांना खरोखर मळमळायचं. स्वतःच्या कामाची त्यांची एक खूण होती. नट आवळून झाला की बायकोच्या जुन्या नेलपॉलिशचा जांभळा ठिपका त्यावर द्यायचा. बाटली कायम खिशात. ठिपका म्हणजे सही, आणि सही म्हणजे बोलणी खायचीही तयारी, असं ते चारचौघांत ऐकवत.

मनात दुसरंही एक खुपत होतं. सख्खा भाऊ मिस्त्री असताना दादांनी ही गाडी दिव्यासाठी तीन परक्या गॅरेजांत फिरवली. मिस्त्रींनी कधी विचारलं नाही, पण दादांकडे जेवायला जाणं हळूहळू कमी केलं. शेवटच्या वर्षात तर दोनदाच गेले.

तपासणीचं यंत्र जोडलं. त्यावर उमटलं, पुढचं डावं चाक, सेन्सर.

“सेन्सर तिघांनीही बदललाय,” वहिनी म्हणाल्या.

“बदलणारच. यंत्राने नाव घेतलं की त्याला फाशी. खरा चोर कोण, हे बघायला गाडीखाली निजावं लागतं, आणि तिथे कपडे मळतात.”

मिस्त्री निजले. वरून काळा, गार चिखल टपकला तो नेमका कानात. तेल, धूळ आणि कुजका पाला यांचं लोणी झालं होतं. ते फडक्याने निपटताना आत तारांना गुंडाळलेली बँडेजची पट्टी निघाली. औषधाच्या पेटीतली, जखमेला बांधतात ती.

“अरे, शी. इथे डॉक्टरही येऊन गेला वाटतं.”

वहिनी हसल्या नाहीत. त्या हातातली पर्स उगाच उघडत होत्या, मिटत होत्या.

चाक उचलून मिस्त्रींनी हाताने सावकाश फिरवलं. सेन्सरसमोर आसावर एक दातेरी कडं असतं. सेन्सर दाते मोजतो आणि चाकाचा वेग सांगतो. एक फेरा, दोन फेरे. दर फेऱ्याला एकाच जागी पडद्यावरची रेघ अडखळत होती. त्यांनी कड्यावरून नख फिरवलं. नख एका ठिकाणी अडलं. केसाएवढी चीर, तिच्यात गंज भरून फुगलेला. त्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढलं होतं. मोजणी चुकली की गाडीला वाटायचं, चाक घसरलं.

शेजारीच कड्यावर हातोडीचे तीन घाव होते.

“सापडला,” मिस्त्री खालूनच म्हणाले, “आणि कसाई निघाला. आस बदलताना जुनं कडं नव्या आसावर ठोकून बसवलंय. ठोकून, वहिनी. हे तेलात तापवायचं असतं, फुगलं की आपण होऊन बसतं. या गाढवाला अर्धा तास थांबवलं नाही. असल्याच्या हातात पाना द्यायला नको, चमचासुद्धा द्यायला नको. माणूस मेला असता म्हणजे?”

“पुरे, भाऊजी.”

“का पुरे? माझ्यासमोर आणा त्याला.”

आस काढायचा तर चाकाच्या मधला मोठा नट सोडवायला हवा. त्यावर गंजाची खपली चढली होती. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने ती घासली. तांबडी भुकटी उडाली, जिभेवर लोखंडाची चव आली. आणि खपलीखालून जांभळा ठिपका वर आला.

मिस्त्रींनी अंगठ्याने तो पुसून पाहिला. मग थुंकी लावून पुसला. जाईना. जाणार कसा? पुसला जाऊ नये म्हणूनच तर ते नेलपॉलिश वापरत.

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वीची दुपार, आस बदलायला आलेली हीच गाडी, दादा समोरच्या याच स्टुलावर बसलेले, आणि बाहेर दोन गाड्या खोळंबलेल्या. ‘सावकाश होऊ दे’, दादा म्हणाले होते. ‘झालंच’, म्हणून यांनी हातोडी उचलली होती.

‘दादांनीच घाई केली’ हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. दादा काही उलटून बोलणार नव्हते. त्या विचाराने मात्र त्यांना स्वतःची अशी किळस आली, की सकाळपासूनची सगळी घाण तिच्यापुढे धुतल्यासारखी वाटली.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ते वहिनींकडे न बघता म्हणाले.

“महिन्याभरातच दिवा लागला होता. ह्यांच्या लगेच लक्षात आलं. मला बजावलं, धाकट्याला कळू द्यायचं नाही, तो मनाला लावून घेतो. दुसरीकडून गुपचूप करून आणू. ते दुसरीकडचे असे निघाले.” वहिनींनी पर्स मिटली. “तुम्ही येणं कमी केलंत, तेव्हाही म्हणाले, कामात असेल.”

मिस्त्री बराच वेळ कानातला चिखल पुसत राहिले. मग उठले. जुन्या सामानाच्या पेटीतून त्याच मापाचं, न तडकलेलं कडं शोधलं. पातेल्यात तेल तापवून ते बुडवलं, आणि चिमट्याने उचलून आसावर धरलं. ते अलगद सरकून जागेवर बसलं. हातोडी भिंतीवरच राहिली. कामाला पाऊण तास लागला. त्या दिवशी तेवढाच लागला असता.

साडेतीनला वहिनींनी गाडी चढावर घातली. मिस्त्री शेजारी, आंबलेल्या वासात, काच खाली न करता. गाडी कुठे अडली नाही, मान टाकली नाही. दिवा काळाच राहिला, चिकटपट्टीशिवाय.

परत आले तर पुतण्या दारात उभा, सोबत भंगारवाला. पुतण्याने इंजिन चालू ठेवून दिवा पाहिला, मग स्वतः एक चक्कर मारून आला. भंगारवाल्याला हात जोडून वाटेला लावलं.

“मानलं, काका. तीन गॅरेजं हरली. कुठल्या गाढवाचं काम निघालं शेवटी?”

वहिनी पटकन म्हणाल्या, “असेल कुणीतरी. चल, शाळा सुटेल.”

“माझं,” मिस्त्री म्हणाले. “कडं मी ठोकलं होतं. ट्रकने तुझ्या आईला चिरडलं असतं, तर ते माझ्या हातून.”

पुतण्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग किल्ली आईच्या हातात दिली.

“उद्या गाडी परत आणा, वहिनी,” मिस्त्री म्हणाले. “आतून धुवायची आहे. सीट काढून.”

“आणते. आणि परवा जेवायला या.”

मिस्त्रींनी मान हलवली. खिशातून बाटली काढून ते चाकापाशी बसले. नव्याने आवळलेल्या नटावर ठिपका द्यायचा होता, पण हाताला तेल होतं, वास होता. ते आधी उठले, नळापाशी गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आले.