रजिस्टरातला परमा

लघवी अडलेला पुरुष दवाखान्याच्या दारात दिसला की कंपाउंडर शेषराव रजिस्टरात 'परमा', म्हणजे बाहेरून आणलेला गुप्तरोग, लिहून मोकळा व्हायचा, डॉक्टरांनी तपासण्याआधीच. बाहेरख्यालीपणाशिवाय पुरुषाची ही वाट बंद होत नाही, हे त्याचं शास्त्र. त्यात आणखी एक खोड: नंबर आला की नावाबरोबर रोगही खच्चून पुकारायचा.

"उकंडराव, रोहिणखेड, परमा!"

ओसरीवर रोहिणखेडचीच आठदहा माणसं बसली होती. सगळ्यांच्या माना वळल्या. बायको वच्छलाबाई पदराआड गेली. उकंडरावच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपासून थेंब उतरला नव्हता, ओटीपोट तटतटलं होतं, तरी गडी जागचा हलला नाही.

"थे परमा खोड आधी. दिवाळीनंतर कापसाच्या भरल्या गाडीवरून घसरलो अन् दोन पाय दोहीकडं होऊन जुवावर आदळलो. रगत गेलं. तवापासून धार बारीकच होत आली. लिहाचं तं हे लिह."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. सिव्हिल सर्जन साहेब तपासतात. अन् पडलो म्हणून तर सगळेच सांगतात."

"सगळे सांगत असतीन. मी पडलो!"

"अवो, जीव जाईन तुमचा. चला ना आत," वच्छलाबाई कळवळली.

"जाऊ दे. मी मेलो तरी थो कागद राह्यते."

घामानं सदरा भिजला, दातावर दात बसले, पण तो बसूनच राहिला. असा हट्ट शहाण्यानं करू नये हे खरं. पण नाव जाताना शहाणपण कुणाला सुचतं? गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं.

"शेषराव, मी तपासण्याआधी रोग कोणी लिहिला?"

शेषराव टाक पुसू लागला.

"चला, उकंडराव. मी पाहीन तेच लिहीन."

मग तो उठला. डॉक्टरांच्या बोटाला दोन मांड्यांच्या मधे एक कडक गाठ लागली, जू आदळलं तिथंच. परम्याची दुसरी एकही खूण नव्हती. उकळून घेतलेली जाड नळी गाठीशी अडली, मधलीही अडली. सगळ्यांत बारीक नळी तिसऱ्या खेपेला आत सरकली आणि भांडं भरू लागलं. उकंडराव लहान पोरासारखा रडला.

"जखम भरताना वाट आकसली," डॉक्टर म्हणाले. "दर आठवड्याला यायचं. थोडी थोडी जाड सळई घालून रुंद करू. आळस केला तर पुन्हा बंद होईल."

"येतो. पण आधी लिहा."

डॉक्टरांनी 'परमा' लाल शाईनं खोडलं, 'माराने मूत्रमार्ग अरुंद' असं लिहून सही ठोकली.

उकंडराव भिंत धरत ओसरीवर आला. माणसं अजून तिथंच होती.

"शेषराव, पुकार."

शेषराव पुटपुटला, "उकंडराव, रोहिणखेड, माराने मूत्रमार्ग अरुंद."

वच्छलाबाईनं डोईवरचा पदर सावरला आणि ताठ उभी राहिली.

"मंघाशी खच्चून वरडले होते ना, कंपाउंडरसाहेब? मंग आताबी तसंच वरडा."