पडद्याआडची कोंडी

मी एक जुना हिरवा पडदा आहे. कर्जतच्या एका लहानशा दवाखान्यात, तपासणीच्या पलंगाभोवती लटकतो. मित्रांनो, बाजारपेठेतल्या शिंप्यानं मला शिवलं तेव्हा माझा रंग भाताच्या रोपासारखा होता. पडदा आहे म्हटल्यावर बायका निर्धास्त व्हायच्या. आता मी पार विटलोय. माझ्याकडे कुणी बघत नाही.

एका दुपारी जवळच्या कोंडाणे गावाहून सोनुबाई आपल्या नणंदेला, कोंडीला घेऊन आली. कोंडी विशीबाविशीची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. दर महिन्याला तिचं पोट फार दुखायचं. औषध मिळेल या आशेनं ती पलंगावर बसली होती.

माझ्या पलीकडे सोनुबाई डॉक्टरबाईंना सांगत होती, हिची गर्भाची पिशवी काढूनच टाका. डॉक्टरबाईंनी सगळं तिलाच विचारलं. कोंडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं, कोंडीला आताच भरती करायचं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण पडद्याला तोंड कुठलं?

नर्स नम्रता ऑपरेशनचा झगा घेऊन आत आली. झगा बघताच कोंडीनं मला दोन्ही मुठींत धरलं आणि अंगाभोवती गुंडाळून घेतलं. तिचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. नम्रता थांबली. तिनं स्वतःच्या पोटावरून बोट आडवं फिरवलं आणि नजरेनंच विचारलं, हे तुला सांगितलंय?

कोंडी पांढरीफटक पडली. नाही नाही म्हणत मान हलवत राहिली. तिच्या घशातून असा आवाज निघाला, की पलीकडचं बोलणं थांबलं.

नम्रतानं बाहेर जाऊन सांगितलं, तिला यातलं काहीच माहीत नाही.

सोनुबाई खाली बघत म्हणाली, "आमी दिवसभर कामावर. ही घरात एकटी. हिला वरडता बी येत नाय. उद्या कुणी काय केलं नि दिवस गेले तर?"

"पिशवी काढली म्हणून असा माणूस तिच्या वाटेला जायचा थांबेल का, ताई?" नम्रतानं विचारलं.

डॉक्टरबाई उठून पलंगाशी आल्या आणि पहिल्यांदा कोंडीसमोर उभ्या राहिल्या. ऑपरेशन त्यांनी रद्द केलं. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्या कशा घ्यायच्या ते खुणांनी कोंडीलाच दाखवलं. तरी तिच्या मुठी बराच वेळ सुटल्या नाहीत.

जाताना सोनुबाई बाहेरच्या बाकावरच्या बाईला दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता विचारत होती. तिथं कोंडीला कुणी विचारेल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. पडद्याआड जी बसली आहे, तिच्याशी आधी बोला.