जवळची खूण

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिने डोळे घट्ट मिटले, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि डोळे उघडले. उजवीकडे पांढरी बैठी घरं. डावीकडे पांढरी बैठी घरं. समोर तेच. आपण कुठल्या बाजूने आलो हे तिला सांगता येईना.

"आई, अजून एकदा!" चार वर्षांची चिमणी बापाच्या खांद्यावरून ओरडली. तिला हा खेळ फार आवडला होता.

"इथे खूण नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "अख्ख्या गल्लीत एक धड खूण नाही."

"अगं, आपण घर बघायला आलोय, पुरलेला खजिना शोधायला नाही."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अर्धा नंबर इकडेतिकडे केला की जगातलं सगळं स्वच्छ दिसतं, असा त्याचा एकूण स्वभाव. तिचं तसं नव्हतं. ती रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात फोन घ्यायची. दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून तीन वाक्यं: बोला. पत्ता सांगा. जवळची खूण सांगा. जीव टांगणीला लागला की माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता आठवत नाही, हे कुणाला सांगून पटत नाही. पण तिने डॉक्टर ऐकले होते, वकील ऐकले होते, खुद्द पोस्टमन ऐकला होता. सगळ्यांची दातखीळ बसते. म्हणून खूण लागते. आणि खुणेचा एक नियम तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवला होता: हलतं ते खूण नव्हे. पाण्याची टाकी चालेल, शाळा चालेल, पूल चालेल. उभी असलेली गाडी चालायची नाही. माणूस तर मुळीच नाही.

गेल्या थंडीत अशाच एका नव्या वसाहतीतून एका बापाचा फोन आला होता. "पांढरं घर, पांढरं घर," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "बायकोला रस्त्यावर उभी करतो." तिने नियमाप्रमाणे सांगितलं, "माणूस नको, खूण सांगा." गाडी त्या गल्ल्यांमधून सतरा मिनिटं फिरत राहिली. पोचली तेव्हा उशीर झाला होता. हे तिने नवऱ्याला आजवर सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज भाजी चिरत बसायची.

घर पाहावं बांधून म्हणतात. यांची तर नुसतं बघण्यातच दमछाक झाली होती. शहरातल्या भाड्याच्या खोलीला बारा महिने ओल. भिंतीला हात लावला तर ओला, आणि त्या ओलीने चिमणीला दम्याने धरलेलं. इथून हलवा तिला, कोरड्या हवेत न्या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण कोरडी हवा शहराबाहेर, आणि दवाखाना शहरात. पहिल्या गावात हवा छान, पण वाटेत रेल्वेचं फाटक. ती घड्याळ लावून उभी राहिली, फाटक बारा मिनिटं उघडलं नाही. दुसऱ्या गावात नदी आणि तिच्यावर एकच अरुंद पूल. हे तिसरं. इथे फाटक नव्हतं, नदी नव्हती, मोठा दवाखाना दहा मिनिटांवर होता, आणि तरी तिला पहिल्या दोन गावांपेक्षा जास्त भीती इथेच वाटत होती.

"हवा बघा, हवा!" दलाल म्हणाला. जणू ती त्यानेच सकाळी भरून ठेवली होती. त्याने दार उघडून दिलं, कागद ऑफिसात राहिले म्हणून कपाळावर हात मारला आणि "हा गेलो आणि हा आलो" म्हणत गाडी घेऊन गेला.

घर चांगलं होतं. तीन खोल्या, भिंती खडखडीत कोरड्या. ती प्रत्येक भिंतीला तळवा लावून बघत होती. नवरा खिडक्यांच्या काचा निरखत होता. एका काचेला बुडबुडा आहे म्हणून सुताराच्या नावाने बोटं मोडत होता. चिमणी दिसत नव्हती. मागच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू येत होतं.

मागच्या खोलीत सुताराने कपाटांचं काम अर्धवट टाकलेलं होतं. जमिनीवर बोटभर भुसा. चिमणी त्यात लोळत होती, ओंजळी भरून वर उडवत होती.

"उठ! उठ आधी!"

पण व्हायचं ते झालं होतं. खोकल्याची एक उबळ आली, मग दुसरी, मग ती शिट्टीसारखी बारीक सूं सूं सुरू झाली. आईने तिला बाहेरच्या पायरीवर आणून बसवलं, पिशवीतून पंप काढला, तोंडाशी धरून दाबला. थांबली. पुन्हा दाबला. एरवी दुसऱ्या दाबाला खांदे खाली यायचे. चौथ्या दाबालाही आले नाहीत. गळ्याखालचा खड्डा आत जात होता, बाहेर येत होता. ओठांचा रंग बदलायला लागला.

"गाडी," नवरा म्हणाला. "दलालाची गाडी..." आणि त्याच्या लक्षात आलं की दलालही नाही, गाडीही नाही. तो नुसताच उभा राहिला.

तिने फोन लावला.

"बोला, मदत केंद्र."

"बोला," ती म्हणाली. "पत्ता सांगा."

"हॅलो? पत्ता तुम्ही सांगायचाय."

"जवळची खूण सांगा," ती म्हणाली. आवाज अगदी कामावरचा, शांत, स्वच्छ. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. आपण काय बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि थांबता येत नव्हतं.

"ताई?" पलीकडच्या मुलीने आवाज ओळखला. शेजारच्याच खुर्चीवर बसायची ती. "ताई, तू आहेस का? काय झालं? कुठे आहेस तू?"

मग तिचा बांध फुटला. चिमणीला दम लागलाय, पंप चालत नाहीये, ओठ निळे पडताहेत. गावाचं नाव सांगितलं. गल्ली सांगता येईना. दलाल चार वळणं घेऊन आला होता. तिने मान वळवून सगळीकडे पाहिलं.

"पांढरं घर," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तोच शब्द, तसाच कापरा.

समोरच्या घरापुढे एक काकू कपडे वाळत घालत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, जाडजूड, एका गुडघ्याला पट्टा. हातात पिळलेली लाल चादर. ती तशीच घेऊन त्या लंगडत रस्ता ओलांडून आल्या.

"अगं बाई! काय होतंय लेकराला?"

"खूण पाहिजे," ती म्हणाली. "गाडीला खूण लागते. इथे काहीच नाही."

"एवढंच ना? मी जाते की चौकात, मोठ्या रस्त्याला. लाल चादरवाली बाई म्हणून सांग त्यांना."

"माणूस चालत नाही, काकू. माणूस हलतो."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग चिमणीकडे.

"मी नाही हलणार," त्या म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा.

तिने फोन पुन्हा कानाला लावला. "मोठ्या रस्त्यावरच्या चौकात एक बाई उभी आहे. लाल चादर घेऊन."

"ताई, पण हलतं ते..."

"ती नाही हलणार. लिही."

पुढची अकरा मिनिटं तिने चिमणीला छातीशी टेकवून बसतं धरलं आणि तिच्या कानात श्वास मोजला. एक, दोन, एक, दोन. नवरा धावत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. प्रत्येक वेळी तो काहीतरी सांगायचा आणि तिला त्याचं अक्षर कळायचं नाही. सतरा, एवढा एकच आकडा तिच्या डोक्यात होता. मग भोंगा ऐकू आला. तो लांब गेला नाही, घुटमळला नाही. एक वळण घेऊन सरळ दारात आला.

"लाल चादर लांबूनच दिसली, बाईंनी मानेनेच गल्ली दाखवली," चालक उडी मारत म्हणाला.

आधी दारातच, गाडीत चिमणीला प्राणवायू लावला, वाफ दिली. पंधरा मिनिटांनी गळ्याखालचा खड्डा दिसेनासा झाला. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "भोंगा परत वाजवणार का?" तेव्हा कुठे आईबापांचा जीव भांड्यात पडला. दवाखान्यात एकदा दाखवून घेऊ, पाच मिनिटांत निघू, असं गाडीतला माणूस म्हणाला.

नवरा गाडीच्या पायरीवर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"नको हे गाव," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस तेच खरं. खूण नाही इथे. आपण दुसरं बघू. नाहीतर राहू तिथेच ओलीत." आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याइतका घाबरलेला दिसला.

ती खाली उतरली आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली.

चौकात ऊन तापलं होतं. रस्त्याच्या मधोमध काकू उभ्या होत्या. सगळा भार एका पायावर, दोन्ही हातांत लाल चादर उंच धरलेली. चादर वाळून कडक झाली होती. परत आलेला दलाल गाडीतून हॉर्न वाजवत होता आणि काकू त्याला वाट द्यायला तयार नव्हत्या.

"काकू! अहो, रुग्णवाहिका येऊन अर्धा तास होऊन गेला."

"दिसली ना मला," काकू म्हणाल्या. "पण हल असं कुणी सांगितलं नाही. म्हटलं, आणखी एखादी यायची असेल. पोर कशी आहे?"

"बरी आहे. बोलायला लागली."

"बरं झालं बाई." काकूंच्या हातातली चादर अजूनही खाली आली नव्हती. "मग आता हलू का मी?"

तिला हो म्हणायचं होतं. तिने पुढे होऊन चादरीचं एक टोक हातात धरलं आणि तिला रडू फुटलं.

"नका ना हलू," ती म्हणाली.