नऊ पानांचं कौतुक

अमेरिकेतल्या आमच्या डलूथ गावच्या मानसोपचार केंद्रात पूर्वी माणसात काय कमी आहे ते मोजत असत. मग डॉक्टर मार्लिस एंगब्रेट्सन प्रमुख झाल्या आणि कुणात काही कमी असणंच बंद झालं. स्वमग्न माणसांना छळणारे गुणगुणणारे दिवे गेले, डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती गेली. हे खरोखर चांगलं झालं. त्याच झाडूने ‘दोष’, ‘विकार’, ‘अक्षमता’ हे शब्दही केरात गेले. चुकून कुणी त्यातला एखादा उच्चारलाच, तर त्याने पुढच्या बैठकीला केक आणायचा. अहवाल टाइप करता करता मी तीन केक आणले.

डेल्फिन राउश चौतिशीची. वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावायची. एकही चुकायचं नाही. घरी मात्र कुणी ‘जेव’ म्हटल्याशिवाय तिला जेवण आठवत नसे, शेगडीवरचं भांडं आठवत नसे, आणि फोनवर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. हे सगळं आई बघायची. आई फेब्रुवारीत गेली. आता रोज दोन तास मदतनीस मिळावी, म्हणून काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीला, आमचा अहवाल हवा होता.

डेल्फिनने घरून यादीच आणली: मला काय काय जमत नाही. एकोणीस गोष्टी, सुवाच्य अक्षरात.

डॉक्टरबाईंनी ती वाचून डोळे पुसले. “अगं, आम्ही इथे ‘जमत नाही’ म्हणत नाही.”

“मग काय म्हणता?”

“तुझी पद्धत वेगळी आहे.”

“पद्धत कसली, मी जेवतच नाही. गुरुवारी स्वयंपाकघराचा पडदा जळाला. तेवढं तरी लिहा.”

बाई म्हणाल्या, ही भाषा तुला जगाने शिकवली, हळूहळू सुटेल.

अहवाल नऊ पानी झाला. जेवण विसरणं म्हणजे अथांग एकाग्रता. फोन न घेणं म्हणजे शांततेची निवड. पडद्याचं पान दोनदा परत आलं. शेवटी ‘स्वयंपाकात प्रयोगशील’ यावर बाईंचं समाधान झालं. यादी ‘उत्तम आत्मभान’ या सदरात गेली. चौथा केक आणायची माझी तयारी नव्हती. मी टाइप केलं.

काउंटीने अहवाल बारकाईने वाचला. इतक्या गुणी बाईला मदतनीस कशाला, असं सभ्य शब्दांत कळवलं. वर अभिनंदन केलं. हरकत असल्यास तीस दिवसांत फोन करावा, पत्र चालणार नाही.

डेल्फिन ते पत्र घेऊन आली. हा फोन तुमच्यापैकी कुणी कराल का, एवढंच तिने विचारलं. हात हातात घेऊ का, असं बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं. ती नाही म्हणाली. त्याचंही कौतुक झालं.

“तुझा आवाज आम्ही कसा हिरावून घेऊ?” असं म्हणून बाईंनी फोनवर काय बोलायचं त्याचं रंगीत कार्ड तिच्या हाती ठेवलं.

एकतिसाव्या दिवशी बाईंनी चौकशीसाठी तिला फोन लावला. तो वाजत राहिला. वाचनालयातून कळलं, आठवडाभर ती आलेली नाही. बाईंनी मला तिची फाइल उघडायला लावली आणि सांगितलं, लिहा: स्वतःचा एकांत समर्थपणे जपते.

मी लिहिलं.