सुखरूप उतरली

उल्हासला खोटं बोलता येत नाही, असं त्याची आई नागपुरात सगळ्यांना कौतुकाने सांगायची. एका परीने ते खरंही होतं. खोटं तो बोलायचा नाही. फक्त खरं बोलायची वेळ आली की नेमकं त्याला दुसरं काहीतरी काम आठवायचं. अशी माणसं सगळ्यांना आवडतात. अमेरिकेत, पार्सिपनीच्या मराठी मंडळातही उल्हास सगळ्यांचा लाडका होता.

तो नोकरीला होता वॉल्टच्या फ्लाइंग स्कूलमध्ये. घरापासून अर्ध्या तासावर एक छोटा विमानतळ होता. विमानतळ कसला, एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि तिच्यात चार-पाच खेळण्याएवढी विमानं. अकरा सप्टेंबरनंतर विमान शिकायला येणाऱ्याकडे लोक चोरासारखे बघायला लागले, तेव्हा हे स्कूल मरता मरता वाचलं होतं. मालक वॉल्ट म्हणजे उंच, हसरा, खांद्यावर थाप मारून बोलणारा गडी. मोठ्या कंपनीने उल्हासला काढलं तेव्हा यानेच त्याला घेतलं आणि ग्रीन कार्डाची फाइलही स्वतःच्या कंपनीतर्फे पुढे ढकलली. तेव्हापासून वॉल्टने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं, तरी उल्हासने मान डोलावली असती.

विमान बुक करायला विद्यार्थ्यांना ब्लॅकबेरी फोनवर चालेल असा एक प्रोग्रॅम हवा होता. वॉल्ट त्याला ऐटीत 'आमचं ॲप' म्हणायचा. तो उल्हासने एकट्याने लिहिला. त्यातलं प्रायव्हसीचं पानही त्यानेच लिहिलं, कारण वॉल्ट म्हणाला होता, कुठून तरी उचल आणि टाक. उल्हासने उचललं नाही. एक अख्खी दुपार बसून त्याने साध्या इंग्रजीत लिहिलं: तुमची माहिती आमच्यापाशीच राहील. तुम्ही सांगितल्याशिवाय ती कोणालाही दिली जाणार नाही. स्वतःच्याच वाक्यावर तो खूश झाला.

ते पान मन लावून वाचणारी बहुधा एकच व्यक्ती निघाली. शिवांगी. मंडळातल्या श्रीरामभाऊ आणि सुनेत्रावहिनींची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. घरच्यांच्या हिशेबाने ती दर रविवारी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जात होती. क्लास शनिवारीही असतो, हे तिने घरी सांगितलं नव्हतं. शनिवारी क्लास आणि रविवारी विमान. लायब्ररीत काम करून साठवलेले पैसे ती वॉल्टकडे उडवत होती, अगदी शब्दशः.

"काका, टेल मी ऑनेस्टली," ती उल्हासच्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती. "हे फोनवर टाकलं तर डॅडला कळणार नाही ना?"

"अगं, वाचलंस ना पान? मीच लिहिलंय."

"म्हणून तर विचारतेय. तुम्ही लिहिलंय म्हणून आय ट्रस्ट इट."

श्रीरामभाऊ तसे वाईट नव्हते. पण लहान विमान पडल्याची बातमी टीव्हीवर लागली की ते आवाज वाढवून ती पूर्ण बघायचे. लायसन्स मिळालं, ते कागद हातात आले की मग सांगायचं, असं शिवांगीने ठरवलं होतं. विमानाची शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

आणि त्याच सुमाराला वॉल्टला एक कल्पना सुचली. विद्यार्थी एकटा उडून खाली आला की त्याच्या घरच्यांना आपोआप मेसेज जायचा: अमुक अमुक सुखरूप उतरला. खाली बारीक अक्षरात, तुम्हीही एकदा उडून बघा, पहिल्या फेरीला सवलत. घरचे ओळखायचे कसे? फोनमधल्या पत्त्यांच्या वहीतून. मॉम, डॅड, वाइफ या नावाने जे नंबर असतील ते उचलायचे. ॲप वही बघायची परवानगी मागायचं आणि जगातला प्रत्येक माणूस न वाचता 'हो' दाबायचा.

उल्हासला तेव्हाच स्वतःचं पान आठवलं. त्याने शिवांगीला आडून विचारलं. तिच्या फोनमध्ये आईबाबा नुसते 'होम' या नावाने होते. म्हणजे ती वाचली. मग उल्हासलाही बोलायचं कारण उरलं नाही.

महिन्याभराने वॉल्ट कुरकुरला. एका विद्यार्थ्यामागे जेमतेम दोन मेसेज जातात. "तुमच्या लोकांची कुटुंबं मोठी असतात ना? अर्धे विद्यार्थी तर तुमचेच आहेत." असं म्हणून तो उल्हासकडे आशेने बघत राहिला. ग्रीन कार्डाच्या फाइलीवर त्याच आठवड्यात त्याची सही व्हायची होती.

"अंकल-आंटीला आमच्यात दुसरे शब्द आहेत," उल्हास म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काका, काकू, मामा, मावशी, आत्या. पाच शब्द त्याने यादीत घातले. वॉल्टला ते सगळे रक्ताचे नातेवाईक वाटले, त्यात वॉल्टचा दोष नाही. पण उल्हासला पक्कं ठाऊक होतं की इथे शेजारचा, पलीकडचा, मंडळात एकदा भेटलेला, गाडी लावायला जागा दाखवणारा, जो कोणी वयाने मोठा तो काका. तो स्वतः निदान पन्नास पोरांचा काका होता आणि त्यातलं एकही त्याच्या भावाचं नव्हतं. प्रत्येक मराठी पोराच्या फोनमध्ये अख्खं मंडळ बसलेलं असतं. म्हणून तर त्याने ते शब्द दिले. शिवांगीही त्याला आठवली. तिला यादीतून वगळायचं काम सोमवारी करू, असं त्याने ठरवलं. नवं ॲप शुक्रवारीच सगळ्यांच्या फोनवर गेलं.

रविवारी मंडळाचा पाडवा होता. शाळेच्या कॅफेटेरियात नऊवाऱ्या, ढोकळा, माइकची खरखर, सगळं यथासांग चाललं होतं. श्रीरामभाऊ भोजन समितीवर. कुर्त्यावर ॲप्रन बांधून ते स्वतः मसालेभात वाढत होते आणि "पोरगी क्लासला गेलीय, सणालासुद्धा सुट्टी घेत नाही" हे प्रत्येक पानामागे एकदा सांगत होते.

आधी सरलाकाकूंचा फोन वाजला. मग मागच्या रांगेतला. मग एकदम आठ-दहा. पुरुषांचे खिसे, बायकांच्या पर्सा, टेबलावरचे फोन, सगळं गुणगुणायला लागलं. उल्हासच्या खिशातला फोनही थरथरला. त्याने काढला नाही.

"अय्या, हे काय!" सरलाकाकू मोठ्यांदा वाचू लागल्या. "शिवांगी सुखरूप उतरली. एकटीने विमान चालवून. श्रीरामभाऊ, तुम्ही बोललाच नाहीत हो! लपवून ठेवलंत की!"

रांगेत हशा झाला. कोणी टाळ्याही वाजवल्या. श्रीरामभाऊंच्या हातातला डाव तसाच भातात राहिला. सबंध हॉलमध्ये ज्याला मेसेज आला नाही असा तो एकच बाप होता.

त्यांनी तमाशा केला नाही. घरी गेल्यावर गाडीची किल्ली काढून घेतली आणि आठवडाभर मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. शिवांगी मैत्रिणीबरोबर स्कूलमध्ये आली ती नाव काढून टाकायला. डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

"हू डिड इट, काका? मी तर कोणालाच काही सांगायला परमिशन दिली नव्हती."

उल्हासकडे तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "सिस्टीममध्ये काहीतरी गडबड झाली," तो म्हणाला.

"ओके. मग माझं सगळं डिलीट करा. नंबर्स पण. प्लीज."

त्याने तिच्यासमोर बटण दाबलं. पडद्यावरून तिचं नाव गेलं. वॉल्टचा हुकूम होता की कोणाचंही काही पुसायचं नाही, फक्त झाकायचं. गेलेलं गिऱ्हाईक परत येतं. त्यामुळे ती वही जशीच्या तशी आत होती.

"गेलं सगळं?"

"गेलं."

"थँक्स, काका," ती म्हणाली, आणि ती खरंच मनापासून म्हणाली. उल्हासला त्या रात्री जेवण गेलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. सकाळी त्याने नेहमीसारखा नाश्ता केला.

जूनमध्ये ग्रीन कार्डाचा एक टप्पा पार पडला. पेढे वाटले. मंडळातून पाडव्यानंतर चार नवे विद्यार्थी आल्यामुळे वॉल्ट तर हवेतच होता. त्याने उन्हाळ्याची सवलत काढली आणि सांगितलं, आजवर गोळा झालेल्या वह्यांतल्या सगळ्याच नंबरांवर पाठव, ज्याच्या वहीतून नंबर आला त्याच्या नावाने. नुसत्या जाहिरातीकडे कोण बघतं? मेसेज असा होता: शिवांगी आमच्याबरोबर उडते आहे, तुम्हीही या. उल्हासने एकदा विचारलं, झाकलेल्यांच्या नावानेही? या वेळी 'होम'लाही? वॉल्ट म्हणाला, सगळ्यांना. उल्हासने बटण दाबलं.

तासाभरात ऑफिसचा फोन वाजला. वॉल्ट समोरच बसून कॉफी पीत होता.

"उल्हास, मी श्रीराम." आवाज खोल गेला होता. "घरच्या सेलवर मेसेज आलाय. खरं सांग. ती अजून येते का रे तिकडे?"

उल्हासने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी नाही म्हणत नव्हतो रे. आत्ता कुठे आम्ही बोलायला लागलो होतो. तिने शब्द दिला होता, मेडिकलची परीक्षा होईपर्यंत तिकडे पाऊल टाकणार नाही. आणि मी म्हटलं होतं, परीक्षा झाली की मी स्वतः येईन, शेजारी बसेन, भीती वाटली तरी बसेन. तिला आत्ता विचारलं, तर म्हणते, मी गेलेच नाही, डॅड. रडतेय. मी तिच्यावर विश्वास ठेवू की या मेसेजवर? तू तिथे रोज असतोस. तू फक्त हो किंवा नाही सांग, मी तुझं ऐकेन."

नाही. एवढाच शब्द. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तिच्या नावाने मेसेज कोणी पाठवला. आणि मग पाडव्याचा कोणी पाठवला. ते काका-काकू कोणी घातले. वॉल्ट कॉफीच्या कपावरून बघत होता. मग उल्हासला आपलंच वाक्य सापडलं.

"श्रीरामभाऊ, सॉरी," तो म्हणाला. "विद्यार्थ्यांची माहिती आम्हाला कोणालाच देता येत नाही. आमची प्रायव्हसी पॉलिसी आहे."



"समजलो," श्रीरामभाऊ म्हणाले. "तिला वाचवायला बघतोयस. समजलो मी." आणि मग फोन बाजूला ठेवताना, घरात आतल्या बाजूला ओरडलेले ऐकू आले: "शिवांगी! बाहेर ये!"

उल्हासने रिसीव्हर खाली ठेवला. मराठीतलं वॉल्टला काही कळलं नव्हतं, पण 'प्रायव्हसी पॉलिसी' हे इंग्रजी शब्द त्याने ऐकले होते. त्याने अंगठा वर केला आणि म्हणाला, अगदी बरोबर उत्तर दिलंस.