गुरुवारची अर्धी रजा

हिंजवडीच्या त्या कंपनीत रजा कॉम्प्युटरच द्यायचा. बटण दाबा, खात्यात रजा शिल्लक असली की मंजूर. पण गौरीजेवणाच्या दिवशी त्यानं मागेल त्याला रजा देऊन टाकली. परदेशी गिऱ्हाईक फोन करकरून दमलं, उचलायला ऑफिसात वॉचमन तेवढा. गौरी कधी जेवतात हे त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? झालं, वरच्यांनी ती सगळी व्यवस्थाच गुंडाळली. आता कागदावर अर्ज लिहायचा, मॅनेजर यज्ञेश्वर बापटांसमोर उभं राहायचं आणि कारण सांगून सही घ्यायची.

सगळे खूश. माणसाशी बोलता येतं म्हणे. सुनीती मात्र कारणं शोधायला लागली.

तिचा नवरा श्रीनिवास वर्षभर येरवड्याच्या तुरुंगात होता. पतसंस्थेच्या अफरातफरीत त्याच्या सह्या निघाल्या होत्या. दर गुरुवारी दुपारी ती भेटीला जायची. शेजारीपाजारी आणि ऑफिसात मात्र तो दुबईला होता. कॉम्प्युटरनं कधी ‘कशाला’ म्हणून विचारलं नाही, म्हणून अब्रू झाकलेली राहिली होती.

पहिल्या गुरुवारी तिनं दाढ दुखते म्हणून सांगितलं. दुसऱ्या गुरुवारी तीच दाढ. बापट पेठेतले, निवृत्तीला टेकलेले. दुसऱ्याच्या दुखण्यात लक्ष घालायची दांडगी हौस. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी अर्ज बाजूला सारला.

“अहो मॅडम, तुमचा डॉक्टर दाढ काढतोय की विहीर खणतोय? माझा साडू दंतवैद्य आहे. आज दुपारची वेळ घेतलीय. मीच सोडतो तुम्हाला.”

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर कारण हवं, हो म्हणावं तर तिकडे श्रीनिवास वाट बघत बसणार.

“सर, दाढ ठणठणीत आहे,” सुनीती म्हणाली. “नवरा येरवड्याला तुरुंगात आहे. त्याला भेटायला जाते.”

बापटांनी साडूला फोन करून वेळ रद्द केली, अर्जावर सही केली. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “जेवण नीट मिळतं का हो त्यांना?”

श्रीनिवासबद्दल वर्षभरात कोणी असं विचारलंच नव्हतं. दुबईतल्या माणसाचं विचारणार तरी कोण? सुनीती मागे फिरली, खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. बापटांना काय करावं सुचेना. ते खिडकीबाहेर कंपनीच्या बसगाड्या बघत बसले.

येरवड्याला पोचेपर्यंत भेटीची वेळ संपत आली होती.

“कुठं होतीस?” श्रीनिवासनं जाळीमागून विचारलं.

“ऑफिसात. बापटसर विचारत होते, तू नीट जेवतोस का.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे सांगितलंस?”

“सांगितलं,” ती म्हणाली. “आता तू सांग. जेवतोस का?”