पहारीच्या कमरेचा वाक

मित्रांनो, शेजारच्या दिंद्रुड गावचा हा सुग्रीव मला चारचौघांत "वाकडी" म्हणतो. "भंगारात घाला हिला," म्हणतो. म्हणणाऱ्याचं तोंड तर बघा!

मी दगडाबाईच्या घरची जुनी पहार आहे. मोठ्या दुष्काळात दिंद्रुडच्या लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. आमच्या वाडीत थेंब पाणी नव्हतं तेव्हा मी नालाबांधाच्या कामावर खडक उकरला. पुढं रेशन आणि पेंड देणारी गावची सोसायटी निघाली, तिचा पाया मीच खणला. त्या दिवशी मला हळदीकुंकू लागलं. मग कोपऱ्यात पडले ती पडलेच.

एका उन्हाळ्यात भरदुपारी वावटळ आली. पाचोळा फिरवणारी नेहमीची नव्हे. काळी, खांबासारखी, गरगरत वाडीवरून गेली. पत्रे बाभळींवर, पाळणे बांधावर. माणसं रडतसुद्धा नव्हती, नुसती उभी होती.

दिंद्रुडहून सुग्रीव गडी घेऊन धावत आला. कुणी बोलावलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? भाकरी बांधून आणल्या, उघड्या हातांनी पत्रे ओढले. मलाही मातीतून त्यानंच काढलं.

तेवढ्यात दगडाबाई आली. तोंडात धूळ, घसा बसलेला. सोसायटीच्या पडक्या भिंतीकडं बोट करून म्हणाली, "साखरा... खाली हाय..."

सुग्रीवला ऐकू आलं 'साखर'. रेशनची साखर तिथंच यायची ना!

"ऱ्हाऊ द्या आजी, साखर गेली तर गेली. सोसायटी दुसरी आणंल. आधी रस्ता मोकळा करू."

 दगडाबाईनं त्याची गचांडी धरली.

"दुसरी कुठून आणंल, मुडद्या? माझी सून हाय ती, साखराबाई! पेंड आणायला गेलती!"

सगळ्यांचे हात जागीच थांबले. 

सुग्रीवनं मला सोसायटीच्या पडलेल्या तुळईखाली घातलं आणि सगळे माझ्यावर ओणवे पडले. तुळई उचलली. माझी कंबर वाकली, पण मी मोडले नाही. आधी हिरव्या बांगड्यांचा हात दिसला, मग धुळीनं पांढरं झालेलं तोंड. डोळे उघडले.

"आत्या, म्हशीला पाणी दावलं का?"

"मरू दे गं ती म्हस!" म्हणत दगडाबाई मटकन खाली बसली.

नंतर तिनं मला सुग्रीवलाच दिलं. "आठवण ठेव," म्हणाली. त्यानं चांगली ठेवली! मित्रांनो, वाकलेलं अवजार असो की माणूस, टाकून देण्याआधी ते कशापायी वाकलं एवढं तरी विचारा.

काल त्यानं मला भंगारावर फेकलं. मी दगडावर खणकन आपटले आणि बोललेच:

"सुग्रीव, साखराची साखर ऐकून तू म्हणाला होतास 'गेली तर गेली'. तिच्यावरचं ओझं ह्याच कमरेनं उचललं. तू धावून आलास, गुणाचा हायस. पण लोहाराकडं नेलंस तर मी सरळ हुईन. तुझ्या कानाला कुठला लोहार?"